दोनशे रुपयांचा पिवळा मल्टीमीटर: व्होल्ट आणि ओहम मोजा, करंट आणि वॅट कागदावर काढा

डीटी-८३०डी या नावाने विकला जाणारा पिवळा मल्टीमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत आणि आता तालुक्याच्या गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळतो. किंमत साधारण दीडशे ते तीनशे रुपये. एकाच नावाखाली अनेक कारखान्यांचा माल येतो, त्यामुळे बाहेरचा खोका तोच असला तरी आतला दर्जा नगागणिक बदलतो. हे परीक्षण एका ठरावीक कामापुरतं आहे. नववीच्या ‘धाराविद्युत’ प्रकरणातले रोध (रेझिस्टर), त्यांची एकसर आणि समांतर जोडणी, आणि दहावीतली विद्युतशक्ती ही गणितं टेबलावर करून बघायची असतील, तर हा मीटर आणि सोबत पाव वॅटच्या रेझिस्टरचं एक पाकीट पुरतं का?

पुरतं, पण एका अटीवर. व्होल्टेज आणि रेझिस्टन्स मोजण्यात हा मीटर किमतीच्या मानाने फार चांगला आहे. करंटच्या बाबतीत कच्चा आहे. आणि पॉवर तर कुठलाच साधा मल्टीमीटर थेट दाखवत नाही. म्हणून मोजायचे ते फक्त व्होल्ट आणि ओहम. बाकीचं गणिताने काढायचं. या पद्धतीने वापरला तर हा मीटर वर्षानुवर्षं टिकतो. बंद पडलेले बहुतेक नग करंटच्या रेंजवर चुकून व्होल्टेज मोजल्यामुळे गेलेले असतात.

खोक्यात मीटर, लाल-काळ्या वायरी आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी येते. ही बॅटरी बऱ्याचदा अर्धी उतरलेलीच असते, ती लगेच बदलावी. स्क्रीन जास्तीत जास्त १९९९ दाखवते. खाली तीन भोकं आहेत. काळी वायर कायम ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात. लाल वायर मधल्या भोकात, तिथेच व्होल्ट, ओहम आणि मिलीअँपिअर तिन्ही मोजले जातात. तिसरं भोक १० अँपिअरचं. त्याच्याजवळ ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलं असतं, म्हणजे त्या वाटेत फ्यूजच नाही. ट्रान्झिस्टर तपासायचं गोल सॉकेट आहे, ते या कामाला लागत नाही. वायरीला वायर जोडली आहे का हे सांगणारा बझर काही नगांत असतो, काहींत नसतो. हवा असेल तर दुकानातच वाजवून बघावा.

आता रेझिस्टन्स. पाच रेंज मिळतात (के म्हणजे किलो, हजार): २००, २०००, २० के, २०० के आणि २००० के. स्क्रीनच्या डाव्या टोकाला नुसता १ दिसला, तर रेझिस्टर त्या रेंजपेक्षा मोठा आहे किंवा कुठेतरी तार तुटली आहे. २२० ओहमचा रेझिस्टर २०० च्या रेंजवर १ च दाखवणार, २००० वर घेतला की २१९ किंवा २२० येतो. नियम असा की मूल्य मावेल अशी सगळ्यांत लहान रेंज घ्यायची. ९८४ ओहमचा रेझिस्टर २००० च्या रेंजवर ९८४ दिसतो, २० के वर ०.९८ दिसतो, आणि २००० के वर ००१, म्हणजे १ उजव्या टोकाला. हा उजवीकडचा १ म्हणजे एक किलोओहम आणि डावीकडचा १ म्हणजे रेंजबाहेर. नवशिक्यांची इथे हमखास गल्लत होते.

मोजण्याआधी २०० च्या रेंजवर दोन्ही प्रोब, म्हणजे वायरींची धातूची टोकं, एकमेकांना घट्ट टेकवून बघा. शून्य येत नाही, ०.३ ते १.० असं काहीतरी येतं. तो वायरींचा आणि रेंज निवडायच्या नॉबच्या संपर्काचा रोध आहे. तो आकडा लिहून ठेवायचा आणि लहान रेझिस्टर मोजताना वजा करायचा. ०.६ ओहम ही चूक १० किलोओहमला काहीच नाही, पण १० ओहमच्या रेझिस्टरमध्ये ती सहा टक्के होते. प्रोब टेकवल्यावर आकडा सारखा उड्या मारत असेल तर नॉबचे आतले पत्रे सैल आहेत किंवा वायर मुळाशी तुटत आली आहे. असा नग घेऊच नये.

मोठे रेझिस्टर मोजताना दोन्ही हातांच्या बोटांनी त्याचे पाय प्रोबवर दाबून धरायची सवय नडते. शरीराचा रोध रेझिस्टरला समांतर बसतो. तो समजा दहा लाख ओहम आहे, तर १ मेगाओहमचा रेझिस्टर ५०० के दिसेल. एका बाजूला मगरचाप (दात असलेला चिमटा) लावा किंवा रेझिस्टर ब्रेडबोर्डात (सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या फळीत) खोचून प्रोब टेकवा. सर्किटमध्ये बसलेला रेझिस्टर मोजायचा असेल तर आधी सप्लाय काढायचा आणि त्याचा एक पाय मोकळा करायचा. नाहीतर बाजूचे सगळे समांतर मार्ग त्या आकड्यात मिसळतात आणि मूल्य खऱ्यापेक्षा कमी येतं.

रेझिस्टरच्या पाकिटाबद्दल. दोन प्रकार मिळतात: मातकट अंगाचे चार पट्ट्यांचे, ज्यांची शेवटची पट्टी सोनेरी म्हणजे ५ टक्के, आणि निळ्या अंगाचे पाच पट्ट्यांचे, ज्यांची शेवटची पट्टी तपकिरी म्हणजे १ टक्का. शिकायला निळे घ्या, गणित आणि मोजमाप जवळ येतात. फक्त एक सापळा आहे. १ किलोओहमच्या निळ्या रेझिस्टरवर तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी अशा पट्ट्या असतात. तोच उलट्या बाजूने वाचला तर तपकिरी, तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे ११० ओहम, आणि तेही पूर्णपणे नियमात बसणारं वाचन. स्वस्त पाकिटांत शेवटची पट्टी लांब ठेवायची पद्धत पाळलेली नसते, रंगही फिके असतात. लाल, तपकिरी आणि नारिंगी ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. म्हणून पट्ट्या वाचा जरूर, पण सर्किटमध्ये लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर एकदा मोजा. या एका कामासाठीसुद्धा मीटरचे पैसे वसूल होतात.

मोजून आलेलं मूल्य पट्टीशी तंतोतंत जुळणार नाही, आणि जुळायला नकोच. २.२ किलोओहम, ५ टक्के म्हणजे २०९० ते २३१० ओहममधलं काहीही बरोबर. शिवाय मीटरची स्वतःची चूक असते. माहितीपत्रकात ती रोधासाठी साधारण ०.८ टक्के अधिक शेवटच्या अंकात २ अशी दिलेली असते. २० के च्या रेंजवर २.२० दिसत असेल तर खरं मूल्य सुमारे ३८ ओहम इकडेतिकडे असू शकतं. वहीत लिहिताना २.२० लिहा, २.२००० लिहू नका.

आता प्रत्यक्ष सर्किट. ९ व्होल्टची बॅटरी, १ के आणि २.२ के एकसर. एकूण ३.२ के. करंट ९ भागिले ३२००, म्हणजे २.८१ मिलीअँपिअर. १ के वर २.८१ व्होल्ट, २.२ के वर ६.१९ व्होल्ट, बेरीज ९. नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवून तिन्ही ठिकाणी मोजा. आकडे एक-दोन टक्क्यांत जुळले पाहिजेत. नाही जुळले तर पहिला संशय बॅटरीवर. नव्या बॅटरीवर ९ पेक्षा जास्त व्होल्ट असतात, जुनीवर कमी, आणि भार जोडला की दोन्हींचे उतरतात. म्हणून गणितात खोक्यावरचे ९ घालायचे नाहीत, सर्किट चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मोजलेलं व्होल्टेज घालायचं. दुसरा संशय ब्रेडबोर्डावर. स्वस्त रेझिस्टरचे पाय केसासारखे बारीक असतात, ते पत्र्यात नीट धरले जात नाहीत.

याच मांडणीत करंट मोजायची गरजच नाही. १ के आधी मोजून ठेवला आहे, समजा ९८४ ओहम आला. त्याच्यावर २.७८ व्होल्ट आले, तर करंट २.७८ भागिले ९८४, म्हणजे २.८३ मिलीअँपिअर. सर्किट कुठेही तोडावं लागलं नाही, फ्यूज धोक्यात आला नाही. एकसर जोडणीत तोच करंट सगळीकडे, त्यामुळे पॉवरसुद्धा लगेच: व्होल्टेज गुणिले करंट, २.७८ गुणिले २.८३, सुमारे ७.९ मिलीवॅट त्या रेझिस्टरमध्ये.

तेच दोन रेझिस्टर समांतर जोडा. गुणाकार भागिले बेरीज: ६८७.५ ओहम. दोहोंपेक्षा लहान, आणि हेच मुलांना मीटरवर दिसलं की पटतं. करंट १३.०९ मिलीअँपिअर, एकूण पॉवर ११८ मिलीवॅट. त्यातले ८१ मिलीवॅट १ के मध्ये, ३७ मिलीवॅट २.२ के मध्ये. एकसर जोडणीत मोठा रेझिस्टर जास्त तापतो, समांतर जोडणीत लहान. पुस्तकात हे दोन वेगवेगळ्या सूत्रांतून येतं. इथे तेच दोन रेझिस्टर, तीच बॅटरी, फक्त दोन पाय हलवले.

पाव वॅट म्हणजे २५० मिलीवॅट, तेही भोवतालचं तापमान ७० अंशांपर्यंत असेल तरच. बंद डब्यात तेवढंही झेपत नाही. रेझिस्टर निवडताना उलट गणित करा: व्होल्टेजचा वर्ग भागिले ०.२५. ५ व्होल्टला १०० ओहम, ९ व्होल्टला ३२४ ओहम, १२ व्होल्टला ५७६ ओहम. याच्या खालचा रेझिस्टर एकटा त्या सप्लायवर लावायचा नाही, आणि दुप्पट घेतला तर तो निवांत राहतो. १०० ओहमचा रेझिस्टर ९ व्होल्टवर लावला तर गणित ०.८१ वॅट सांगतं, म्हणजे क्षमतेच्या तिपटीहून जास्त. आधी वास येतो, मग अंगाचा रंग करपतो. करपलेला रेझिस्टर दिसायला शाबूत असला तरी त्याचं मूल्य कायमचं सरकलेलं असतं, तो पाकिटात परत टाकू नका. पूर्ण २५० मिलीवॅटवरसुद्धा त्याच्यावर बोट ठेववत नाही, तेव्हा हात लावून तपासायची घाई नको.

आता या मीटरची खरी मर्यादा. डीसी व्होल्टच्या रेंजवर त्याचा स्वतःचा रोध सुमारे १ मेगाओहम असतो. चांगल्या मीटरमध्ये तो १० मेगाओहम असतो. हे जाणवायला एक प्रयोग पुरे. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसर जोडा आणि ९ व्होल्ट द्या. प्रत्येकावर साडेचार व्होल्ट हवेत. मीटर लावला की ३.०० दिसतात. दुसऱ्यावर लावला तर तिथेही ३.००. बेरीज ६. मग उरलेले ३ व्होल्ट कुठे गेले? मीटर ज्या रेझिस्टरवर टेकला, त्याला समांतर मीटरचा १ मेगाओहम आला, जोडीचे ५०० के झाले, आणि ९ व्होल्टची वाटणी एकास दोन अशी झाली. मीटरने दाखवलं ते खरंच होतं, पण मीटर टेकवल्यानंतरचं. १० मेगाओहमच्या मीटरवर तिथेच ४.२९ दिसतील. हा दोष असला तरी समांतर जोडणी शिकवायला याच्याइतका चांगला प्रयोग नाही. शाळेतल्या कामात रेझिस्टर १० के पर्यंत ठेवले तर या दोषाचा त्रास होत नाही. १० के च्या जोडीवर ४.५० ऐवजी ४.४८ येतात.

करंटच्या रेंजवर अडचण वेगळी आहे. मीटर सर्किटमध्ये एकसर घालावा लागतो, आणि त्याचा स्वतःचा रोध २०० मिलीअँपिअरच्या रेंजवर सुमारे १ ओहम, २० मिलीच्या रेंजवर १० ओहम, २००० मायक्रोच्या रेंजवर १०० ओहम असतो. वरच्या समांतर सर्किटात २० मिलीवर मोजलं तर १३.०९ ऐवजी १२.९० येतील, कारण वाटेत १० ओहम वाढले. ३ व्होल्टच्या सर्किटात हीच चूक आणखी ठळक होते. आणि करंट मोजून झाल्यावर नॉब तिथेच ठेवून कोणी बॅटरीच्या टोकांवर प्रोब टेकवले, तर मीटर म्हणजे जवळपास नुसती तार. २०० मिलीअँपिअरचा काचेचा फ्यूज जातो, आणि त्यानंतर मिलीअँपिअरच्या सगळ्या रेंज शून्य दाखवतात. फ्यूज पाच-दहा रुपयांचा आहे, त्याच मापाचा आणून घाला. तांब्याच्या वायरीचा केस गुंडाळून चालवू नका, पुढच्या चुकीला मीटरच्या आतला रेझिस्टर जळतो.

घरच्या २३० व्होल्टवर हा मीटर लावू नये. वायरीचं आवरण पातळ, प्रोबच्या टोकाला आडोसा नाही, आणि अंगावर छापलेल्या सुरक्षेच्या दर्जावर या किमतीत भिस्त ठेवता येत नाही. १० अँपिअरच्या भोकात लाल वायर राहून गेली आणि प्रोब सॉकेटमध्ये गेले, तर मध्ये फ्यूज नसलेला शॉर्ट होतो आणि ठिणगी हातात फुटते. शिवाय यात एसी करंटची रेंजच नाही, त्यामुळे मिक्सर किंवा फ्रिज किती वॅट घेतो हे याने कळणारही नाही. त्यासाठी सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर वेगळा मिळतो.

मात्र प्लग काढलेल्या इस्त्रीचा रोध बिनधास्त मोजा. ७५० वॅटच्या इस्त्रीचं गणित: २३० चा वर्ग ५२९००, भागिले ७५०, म्हणजे ७०.५ ओहम. प्लगच्या दोन बारीक पिनांवर २०० च्या रेंजवर साधारण तेवढंच दिसतं, कारण कॉइलच्या नायक्रोम तारेचा रोध तापल्यावर फारसा वाढत नाही. डावीकडचा १ दिसला तर कॉइल तुटली असं लगेच समजू नका, आधी तापमानाचा नॉब फिरवा. बंदवर असताना आतला थर्मोस्टॅट उघडा असतो. मग जाड (अर्थिंगची) पिन आणि बारीक पिन यांच्यात २००० के वर मोजा. तिथे डावीकडचा १ च दिसला पाहिजे. आकडा आला तर कॉइल अंगाला गळते आहे, ती इस्त्री वापरू नये. गावाकडे व्होल्टेज २१० असेल तर हीच इस्त्री किती वॅट देईल? २१० चा वर्ग भागिले ७०.५, म्हणजे सुमारे ६२५. व्होल्टेज नऊ टक्क्यांनी उतरलं, पॉवर सतरा टक्क्यांनी.

पिवळ्या बल्बवर मात्र हे गणित फसतं. १०० वॅटच्या बल्बचा चालू असतानाचा रोध ५२९ ओहम निघतो, आणि हातात घेऊन मोजला तर ४० च्या आसपास भरतो. त्या ४० वरून पॉवर काढली तर तेराशे वॅट येतात. मीटर बरोबर आहे, सूत्रही बरोबर आहे. टंगस्टनची तार पेटल्यावर तिचा रोध बारा-पंधरा पट होतो, आणि आपण थंड तार मोजली. पंखा आणि मिक्सरची कॉइल मोजूनही वॅट काढू नका, मोटरमध्ये करंट फक्त तारेच्या रोधावर ठरत नाही. एलईडीला तर ओहमचं एक मूल्यच नसतं. तिथे आधी तिच्यावरचे व्होल्ट वजा करायचे: ९ व्होल्ट, लाल एलईडीचे २, उरले ७, आणि १० मिलीअँपिअर हवे असतील तर ७०० ओहम, बाजारातला जवळचा ६८०. करंट १०.३ मिलीअँपिअर, रेझिस्टरमध्ये ७२ मिलीवॅट, एलईडीत २१. बॅटरीची तीन चतुर्थांशाहून जास्त शक्ती रेझिस्टर तापवण्यात जाते.

शेवटी मीटरची स्वतःची बॅटरी. यात आपोआप बंद व्हायची सोय नाही. नॉब ‘ऑफ’वर न्यायला विसरलं की बॅटरी संपते, आणि संपत येताना आकडे खऱ्यापेक्षा जास्त दिसायला लागतात. बॅटरीचं चिन्ह काही नगांत उशिरा येतं, काहींत येतच नाही. एक टक्क्याचा १ के वेगळा काढून ठेवा आणि काम सुरू करण्याआधी तो मोजा. घरच्या नव्या सेलवरचे व्होल्टही एकदा बघा. नेहमीचा आकडा सरकला असेल तर आधी बॅटरी बदला.

दुकानात पैसे देण्याआधी दोन मिनिटं काढा. २०० ओहमवर प्रोब टेकवून आकडा एक ओहमच्या खाली स्थिर राहतो का, वायर मुळाशी वाकवली तरी तसाच राहतो का, नॉब प्रत्येक खणात टक्कन बसतो का, आणि तो पुढेमागे फिरवून परत त्याच रेंजवर आणल्यावर आकडा तोच येतो का. खिशात तो १ के नेला असेल तर २००० च्या रेंजवर ९८० ते १०२० च्या दरम्यान यायला हवा. दुकानदार दुसरा नग काढून द्यायला कुरकुर करत नाहीत. मागचं झाकण उघडून फ्यूज खरंच काचेचा आहे की नुसती तार लावली आहे, तेही तिथेच बघून घ्या.